कोल्हापुरात परवडणारी बाबागाडी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाची मान धरली की घरात बाबागाडीचा विषय निघतोच. आत्या म्हणते मी घेते, मामा म्हणतो ऑनलाइन मागवतो, आणि आईबापांच्या डोक्यात मात्र शंकांची रांग लागलेली असते. शेजारपाजारच्या आणि ओळखीतल्या आया मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते. बजेट कितीही असो, पैसा चाकं, ब्रेक आणि पट्टे यांत घाला. कप ठेवायची खाच, गाणी वाजवणारा ट्रे, मच्छरदाणीची झालर यांतलं काहीही नसलं तरी बाळाचं अडत नाही.

आमच्याकडे कडेवर घ्यायला चार माणसं आहेत. बाबागाडी खरंच लागते का?

सगळ्यांना लागत नाही, आणि हे दुकानदार सांगणार नाही. बाळाला घेऊन आठवड्यात किती वेळा पायी बाहेर पडता, हे आधी बघा. सगळं जाणं-येणं स्कूटरवर होत असेल, तर गाडी महिन्याभरात माळ्यावर जाईल. पण संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर असेल, सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जात असाल, किंवा दिवसभर आई आणि बाळ दोघंच घरी असतील, तर जरूर घ्या. वर्षाचं मूल साधारण नऊ किलोचं होतं. सिझेरियन झालेल्या किंवा कंबर धरलेल्या बाईने ते वजन अर्धा-पाऊण तास कडेवर वागवावं, असं मला अजिबात वाटत नाही. कडेवर घेणारी चार माणसं दुपारी बारा वाजता घरात असतात का, हेही घरच्यांना प्रेमाने विचारा.

किती पैसे धरायचे?

छत्रीसारख्या मिटणाऱ्या साध्या गाड्या दोन-तीन हजारांत मिळतात. बहुतेक घरांना पुरेल अशी चांगली गाडी साधारण ३,५०० ते ६,००० रुपयांत येते. लव्हलॅप, मी मी, आर फॉर रॅबिट, बेबीहग ही या पट्ट्यात नेहमी दिसणारी नावं आहेत. दहा हजारांच्या वर गेलात की वजनाला हलक्या, एका हाताने मिटणाऱ्या किंवा परदेशी बनावटीच्या गाड्या सुरू होतात. वारंवार विमानाने जाणाऱ्यांना त्यांचा उपयोग आहे, राजारामपुरीतून बागेपर्यंत जाण्यासाठी नाही.

‘साठ टक्के सूट’ वाचून हुरळू नका. छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत एवढं अंतर असतं की सुटीच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. तुमच्या हातून जाणारी रक्कम किती आणि तेवढ्यात काय मिळतंय, एवढंच ताडून बघा.

बाळ दीड महिन्याचं आहे. आत्ताच बसवलं तर चालेल?

बसवायचं नाही, आडवं ठेवायचं. इतक्या लहान बाळाची मान सावरलेली नसते. अर्धवट बसतं ठेवलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. म्हणून जन्मापासून वापरायची असेल तर पाठ पूर्ण सपाट होणारी गाडीच घ्या. खोक्यावर ‘०+’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. दुकानात पाठ शेवटपर्यंत खाली करा आणि बाजूने वाकून बघा. पुष्कळ गाड्यांची पाठ जिथे थांबते तिथे चांगला चढ उरलेला असतो.

छत्रीवाल्या स्वस्त गाडीत बहुधा पाठ थोडीच मागे जाते आणि सीट झोळीसारखी मऊ असते. ती बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावर, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांनंतरच वापरा. खरं तर बजेट अगदीच कमी असेल तर हाच चांगला मार्ग आहे. पहिले सहा महिने गाडीशिवाय काढा, नंतर हलकी गाडी घ्या.

कोल्हापूरच्या रस्त्यांवर कुठली चाकं टिकतात?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण जाहिरातीतली गाडी मॉलच्या फरशीवर पळत असते आणि आपली पेव्हिंग ब्लॉकवर, पाईपलाईनसाठी खणून कशीबशी बुजवलेल्या चरांवर आणि गल्लीगल्लीतल्या उंचच उंच गतिरोधकांवर.

चार-पाच इंचांची, कडक प्लास्टिकची जोडचाकं इथे फार त्रास देतात. ब्लॉकच्या फटीत अडकतात, गाडी जागच्या जागी थांबते आणि बाळ पुढे हिसका खातं. पुढची चाकं निदान सहा इंच आणि मागची त्याहून मोठी असावीत. प्लास्टिकपेक्षा ईव्हीए फोमची चाकं बरी. ती धक्का थोडा पितात आणि पंक्चरची भानगड नसते. हवेची चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण गाडी जड होते. अशी घेणार असाल तर चाकाचा आकार विचारा. बारा इंची असेल तर मुलांच्या छोट्या सायकलची ट्यूब बसते आणि कुठल्याही सायकलवाल्याकडे काम होतं. भलतंच माप असेल तर ट्यूब शोधत फिरावं लागेल.

पुढची चाकं गोल फिरणारी असतात, त्यांना सरळ ठेवणारी खिट्टी असली पाहिजे. गुळगुळीत वाटेवर चाकं मोकळी ठेवा, खडबडीत लागली की खिट्टी लावा. नाहीतर ती थडथड उडतात आणि गाडी भलतीकडे वळते. गतिरोधकापुढे गाडी आपटू नका. थांबा, हँडल खाली दाबून पुढची चाकं उचला, वर टेकवा आणि मग मागची ढकला. फूटपाथची कड उंच असेल तर गाडी वळवून मागची मोठी चाकं आधी चढवा. एकदा सवय झाली की हात आपोआप चालतो.

रस्त्याबद्दल आणखी एक. बाबागाडीतल्या मुलाचं नाक साधारण गाड्यांच्या धुराड्याच्या उंचीवर असतं. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप करून हेच दाखवलं आहे की गाडीत खाली बसलेल्या मुलाच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा जास्त प्रदूषण येऊ शकतं. म्हणून संध्याकाळच्या गर्दीत स्टेशन रोड किंवा दसरा चौकातून बाळाला नेऊ नका. दोन गल्ल्या आतून गेलात तर पाच मिनिटं जास्त लागतील, पण हवा बरी मिळेल.

पट्टे तीन टोकांचे की पाच टोकांचे?

पाच. इथे तडजोड नाही. दोन खांद्यांवरून, दोन कमरेपाशी आणि एक पायांच्या मधून. तीन टोकांच्या पट्ट्याला खांद्याचा भाग नसतो, त्यामुळे वर्षाचं चपळ मूल सहज उभं राहतं आणि तोल जाऊन पुढे पडतं. पायांमधला पट्टा तर कधीच सोडून द्यायचा नाही, कारण तो नसला की मूल सीटवरून खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो.

लावताना पीळ काढा. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये तुमची एक-दोन बोटं जेमतेम जातील एवढा घट्ट हवा. पुढचा आडवा दांडा हा पट्ट्याला पर्याय नाही, तो मुलाला धरायला असतो. अगदी पन्नास पावलांवरच्या किराणा दुकानात जाताना सुद्धा पट्टा लावा.

दुकानात गाडी तपासायची कशी?

सोबत पाच किलो आट्याची पिशवी न्या किंवा दुकानदाराकडून काहीतरी जड मागून घ्या. लाजू नका. रिकामी गाडी कुठलीही छान चालते.

पिशवी सीटवर ठेवा, पट्टा लावा आणि गाडी दुकानाबाहेर काढा. दारात दुचाकी चढवायचा उतार असतोच, त्यावर गाडी उभी करा. पायाने ब्रेक दाबा आणि हात न सोडता पुढे-मागे ढकला. चांगला ब्रेक दोन्ही मागची चाकं एकदम अडवतो. चाक अर्धा वेढा फिरून ‘कट्’ असा आवाज करून अडत असेल, तर दाते नीट बसत नाहीत. तेवढ्या अर्ध्या वेढ्यात गाडी उतारावर पळ धरते. असा ब्रेक नवीन गाडीत खपवून घेऊ नका. चपलेने ब्रेक सोडता येतो का तेही बघा. काही पेडल पायाच्या अंगठ्याने वर उचलावे लागतात, साध्या चपलेत ते दुखतं.

मग गाडी मिटवा आणि उघडा, दोन-तीनदा, आणि तुम्ही स्वतः. सेल्समन रोज करतो म्हणून त्याला जमतं. उघडल्यावर खिट्टी बसल्याचा आवाज आला पाहिजे आणि दुसरं कुलूप वेगळं असलं पाहिजे, म्हणजे चालता चालता गाडी मिटणार नाही. सांध्यांमध्ये बोट जाईल अशी फट आहे का बघा. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरांवर झाकणं द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यात सापडत होती. एवढ्या नावाजलेल्या कंपनीच्या गाडीत हे झालं, तर आपण साडेतीन हजारांच्या गाडीत बघायलाच हवं. उघडताना आणि मिटताना मूल चार हात लांब असू द्या.

हँडल उलटं फिरवता येणारी गाडी चांगली का?

लहान बाळासाठी चांगली. बाळ तुमच्याकडे तोंड करून असतं, रडलं-ओकलं लगेच दिसतं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. हँडल पलटलं की फिरणारी चाकं तुमच्याकडे येतात आणि ब्रेक पलीकडे, बाळाच्या पाठीच्या बाजूला जातो. गाडी वळवायला चमत्कारिक वाटते आणि पटकन ब्रेक मारता येत नाही. चारही चाकं फिरणारी आणि दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी या किमतीत क्वचित मिळते. म्हणून उलटं हँडल सपाट जागेपुरतंच ठेवा.

ऑनलाइन घ्यावी की दुकानातून?

हाताळून बघा दुकानात, किमती बघा दोन्हीकडे. महाद्वार रोड, राजारामपुरी, शाहूपुरी या भागांत लहान मुलांच्या सामानाची दुकानं आहेत. मॉडेल कमी असतील, पण चाक मोडलं तर जाऊन विचारायला माणूस असतो. त्यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी मला ते पटतं. ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडताना मोबाईलवर चित्रीकरण करा आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका.

पक्कं बिल दोन्हीकडे घ्या. वेष्टनावर किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनली हे असलंच पाहिजे. सदोष माल निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

खोक्यावर ‘ईएन १८८८’ किंवा ‘एएसटीएम एफ ८३३’ असं लिहिलेलं दिसलं तर चांगलं. पहिलं युरोपचं आणि दुसरं अमेरिकेचं बाबागाड्यांचं सुरक्षा मानक आहे.

नणंदेची वापरलेली गाडी मिळतेय. घेऊ का?

घ्या, आनंदाने घ्या! चांगली वापरलेली गाडी ही नव्या स्वस्त गाडीपेक्षा कितीतरी वेळा सरस असते. फक्त ब्रेक, मिटण्याची खिट्टी, पट्ट्यांची शिवण आणि बकल नीट तपासा. नळीला तडा गेला असेल किंवा ती वाकलेली असेल तर नको म्हणा. नात्यात नको म्हणायला जड जातं, पण म्हणा.

कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पंचगंगेचं पाणी शिरलं, तिथली पाण्यात बुडालेली गाडी असेल तर घेऊ नका. फोममध्ये मुरलेली घाण धुऊन जात नाही आणि नळ्या आतून गंजलेल्या असतात, बाहेरून कळत नाही.

आम्ही पेठेत जुन्या घरात राहतो, जिना अरुंद आहे. मोठी गाडी जमेल?

मग वजन आणि मिटल्यावरचा आकार या दोनच गोष्टी आधी बघा. सहा-सात किलोची गाडी एका हाताने जिना चढवता येते, दहा किलोची नाही. दुसऱ्या हातात बाळ असणार हे विसरू नका. जिन्याखाली जागा असेल तर साखळी-कुलूप लावून गाडी खालीच ठेवा. बाळासकट गाडी उचलून जिना उतरवणं मात्र कधीच करू नका, दोघंजण असलात तरी. एकाचा पाय चुकला की संपलं.

मिटणाऱ्या हलक्या गाडीची कल्पना १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने आणली. त्याने आधी लढाऊ विमानांच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं आणि लेकीची अवजड गाडी बघून त्याला हे सुचलं. पेठेतल्या अरुंद बोळात राहणाऱ्या प्रत्येक आईने त्या माणसाचे आभारच मानावेत.

स्कूटरवरून नेता येते का? केएमटीच्या शहर बसमध्ये?

मिटवलेली छोटी गाडी पायांपाशी राहते, पण बाळ, गाडी आणि आई असं तिघांचं ओझं एका स्कूटरवर मला धोक्याचं वाटतं. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये आलेला आहे. रिक्षा करा. बसमध्ये गाडी आधी मिटवा, मग चढा.

चारचाकी असेल तर लक्षात ठेवा, बाबागाडी ही कार सीट नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना बसवलं तर १,००० रुपये दंड आहे. दोन्हींसाठी पैसे नसतील तर कार सीट आधी घ्या, बाबागाडी नंतर.

अंबाबाईच्या देवळात, जोतिबाला, पन्हाळ्याला गाडी न्यावी का?

देवळाच्या गर्दीत नको. नवरात्रात तर महाद्वार रोडवरही नको. मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त पाय असतात आणि गाडी वळवायला जागा नसते. जोतिबाच्या पायऱ्यांवर गाडी म्हणजे निव्वळ ओझं. अशा वेळी कापडी कॅरिअर किंवा आजोबांचा खांदा. पन्हाळ्यावर डांबरी रस्त्यावर चालेल, तटाकडे जाणाऱ्या वाटांवर नाही. रंकाळ्याचा पदपथ, महावीर उद्यान आणि टाउन हॉलची बाग ही गाडीसाठी उत्तम ठिकाणं.

पावसाळ्यात काय करायचं?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी फिरण्यापेक्षा घरातच जास्त असते, आणि नासते ती घरातच. दमट हवेत सीटला बुरशी धरते. म्हणून सीटचं कापड काढून धुता येतं का, हे घेतानाच बघा. गाडी ओली झाली तर उघडून, पंख्याखाली वाळवून मगच मिटवा. रिव्हेट आणि अक्ष कोरड्या फडक्याने पुसा. प्लास्टिकचं पाऊस-आच्छादन हवा खेळायला भोकं असलेलंच घ्या आणि पाऊस थांबला की लगेच काढा.

उन्हात ओढणी टाकून झाकलं तर?

पूर्ण झाकू नका. आत हवा कोंडते, तापते आणि बाळ तुम्हाला दिसत नाही. मोठा टप असलेली गाडी घ्या, एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर बाहेर पडा.

गाडीत झोपलं तर झोपू द्यावं?

फिरताना डुलकी लागली तर पाठ सपाट करा, पट्टा राहू द्या आणि लक्ष ठेवा. घरी आलात की पाळण्यात किंवा गादीवर पाठीवर झोपवा. रात्रीच्या झोपेसाठी बाबागाडी वापरू नका.

सासूबाई म्हणतात गाडीने पाठ वाकडी होते.

त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. मान न धरलेल्या बाळाला झोळीसारख्या सीटवर तासन् तास ठेवणं वाईटच. पण वयाप्रमाणे पाठ ठेवली आणि अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढून हातपाय हलवू दिले, तर गाडीने पाठ वाकडी होत नाही. सासूबाईंनाच गाडी ढकलायला द्या. नातवाला घेऊन रंकाळ्यावर निघाल्या की त्यांचं मत त्याच बदलतील, असं मी बऱ्याच घरांत बघितलं आहे.

त्याऐवजी वॉकर घेतला तर? स्वस्त पडतो.

नको. चाकांचा वॉकर ही वेगळी आणि धोक्याची वस्तू आहे. मूल क्षणात जिन्याकडे किंवा गॅसकडे पोचतं. शिवाय त्याने चालायला लवकर येत नाही. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

हँडलला भाजीची पिशवी अडकवली तर चालते का?

कपिलतीर्थ मंडईतून येताना हा मोह होतो. पण मूल उचललं की पिशवीच्या वजनाने गाडी मागे उलटते, आणि कधी कधी मुलासकट उलटते. भाजी खालच्या टोपलीत ठेवा, तिच्यावर लिहिलेल्या वजनाच्या आत.

चाक मोडलं, रिव्हेट निघालं. आता?

आपण उद्यमनगरच्या गावात राहतो. अक्ष, वॉशर, बेअरिंग, रिव्हेट यांचं काम तिथल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये होऊन जातं. मोडलेलं चाक आणि शाबूत चाक दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगून जमत नाही. फाटलेली सीट दुचाकीची सीट कव्हरं शिवणारे शिवून देतात. पट्टे मात्र त्यांच्याकडून शिवून घेऊ नका, ते कंपनीचेच मागवा. तडा गेलेली नळी वेल्डिंग करूनही वापरू नका, पातळ नळी जोडाशेजारी पुन्हा तुटते. चाकांना ग्रीस लावू नका, धूळ चिकटून बसते. शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात.

किती वर्षं वापरता येते?

बहुतेक गाड्यांवर १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे साधारण तीन वर्षं. काही मुलं दोन वर्षांची झाली की बसायलाच तयार नसतात, त्यांना जबरदस्ती करू नका. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा, आणि माहितीपुस्तिका व जादा स्क्रू एका पिशवीत घालून तिच्या टोपलीतच बांधून टाका.